मोकळ्या माळ्याची हाळी

"बरं झालं, तुमच्या जाऊबाई आज आल्या नाहीत," असं हळूच म्हणून गंगाधरपंतांनी कानटोपीची नाडी पुन्हा एकदा आवळली.

कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या आडोशामागे ठकुबाई उकिडवी बसली होती आणि पेंढ्यांच्या फटीतून समोरच्या शेतातल्या माळ्याकडे बघत होती. चार मेढींवर फळ्या टाकून वर गवताचं छप्पर केलेला तो माळा चंद्राबाईचा. चंद्राबाई ही तिची थोरली जाऊ. पूर्वेला फटफटलं होतं, माघातलं धुकं पाण्यावरून उठायला लागलं होतं, आणि माळा रिकामा होता.

"आली न्हाई असं कदी हुत न्हाई," ती शेवटी पुटपुटली.

"थंडी काय कमी आहे? झोपली असेल म्हातारी."

"ती?" ठकुबाई म्हणाली.

पंतांना सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्याला कारण होतं. ते संस्थानच्या जंगल खात्यात कारकून. आदल्या दिवशी ते मुद्दाम भोरहून येऊन वाडीवर चढले होते आणि चंद्राबाईला त्यांनी हात जोडून विनवलं होतं, की उद्या दरबारचे पाहुणे करकोचे बघायला येणार आहेत, तर एक सकाळ पाखरं उडवू नका. चंद्राबाईनं त्यांना बसा म्हटलं नव्हतं. उंबऱ्यातूनच तिनं उत्तर दिलं होतं, "हरबरा माजा, माळा माजा, तोंड माजं. तुमच्या पावन्याला सांगा, दुपारच्याला या म्हनावं." तिचं खरंही होतं. आपल्या माळ्यावरून आपलं पीक राखायला मनाई नव्हती. मनाई होती ती काठावर हिंडून पाखरं उठवायला. पंतांना त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता.

पाहुणाही जगावेगळा. आजवर जे कोणी आले ते बंदुका घेऊन आले. त्यांचं एक बरं असे, दोनचार पाखरं पडली की स्वारी खूश. हे पुण्याचे डॉक्टर रघुवीरराव बंदूक नको म्हणाले. गळ्यात दुर्बीण अडकवून, डोक्याला मफलर गुंडाळून ते आडोशाच्या पुढच्या कोपऱ्यात घडीच्या स्टुलावर बसले होते आणि पाखरं नुसती बघणार होते. मेलेल्या पाखराची हमी कोणीही देईल, जिवंत पाखराची कोण देणार? पंतांच्या नोकरीत एवढं अवघड काम त्यांच्यावर कधी पडलं नव्हतं.

ती जागा म्हणजे धरणाच्या फुगवट्याचा एक कोपरा. लोक तिला बुडीत म्हणत. धरणाची नवी उंच भिंत झाली तेव्हा खालचं गाव पाण्यात गेलं आणि माणसं भांडीकुंडी घेऊन टेकाडावर चढली, तीच ही वाडी. धरण इंग्रजांचं, काठ संस्थानचा, आणि बुडालेलं गाव कोणाचंच नाही, असा सगळा मामला होता. पुढच्याच हिवाळ्यात तिथं पाखरं उतरली. बदकं आली, चक्रवाक आले, आणि करड्या अंगाचे, काळ्या गळ्याचे करकोचे तर शेकड्यांनी आले. रात्री उथळ पाण्यात पाय बुडवून झोपायचं आणि उजाडलं की लोकांच्या शेतात चरायला जायचं, हा त्यांचा रिवाज. दरबारानं तो कोपरा राखीव केला, काठाला चुना फासलेले दगड रोवले आणि ठकुबाईच्या नवऱ्याला, भिमाला, राखणीला ठेवलं. चामड्याचा पट्टा आणि त्यावर संस्थानचा पितळी बिल्ला देऊन.

भिमा दोन वर्षांमागं हिवतापानं गेला. दिवसकार्य उरकलं तशी ठकुबाईनं खुंटीवरचा पट्टा काढला, पदरावरून खांद्याला अडकवला आणि काठी घेऊन काठावर आली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. खात्यात बाई शिपाई कधी कोणी पाहिली नव्हती, पण पंत सरळ मनाचे. त्यांनी 'तात्पुरती' हा शब्द लावला आणि त्याच्या आधारावर दोन हिवाळे ढकलले. आता मात्र वरून विचारणा झाली होती. गावचा चिमाजी त्या जागेसाठी खेटे घालत होता, धडधाकट गडी होता, मिशाही होत्या. पंतांनी वर कळवलं होतं, की पाहुण्यांची भेट होऊ द्या, बाईचं काम त्यांनी वाखाणलं तर तिलाच कायम करू. म्हणजे आजची सकाळ नीट गेली तर बिल्ला ठकुबाईचा, नाही तर चिमाजीचा.

तिला मूल नव्हतं, जमीन सगळी बुडीतात गेलेली. घरात भिमाचं म्हणावं असं त्या पट्ट्याशिवाय काही उरलं नव्हतं. वाडीतली माणसं आधी हसली, मग तिला 'शिपाईनबाई' म्हणायला लागली, आणि हल्ली तर न हसता म्हणत. ते तिला आवडायचं. बिल्ला ती दर सोमवारी चिंचेनं घासायची.

गंमत अशी, की याच बाईचा अर्धा जन्म पाखरं उडवण्यात गेला होता. खालचं गाव होतं तेव्हा पंचक्रोशीत तिच्यासारखा गोफणीचा हात नव्हता आणि तिच्यासारखी हाळीही नव्हती. माळ्यावर उभी राहून तिनं आवाज टाकला की नदीपलीकडच्या शाळूतनं साळुंक्या उठायच्या. पाखरं उडवण्यात मुरलेल्या बाईला सरकारनं पाखरं बसवायला ठेवलं होतं. भिमा राखणीला होता तेव्हा करकोचे उतरताना दिसले की तिचा हात आपोआप कमरेच्या गोफणीकडे जायचा. भिमा हसायचा, म्हणायचा, "अगं, आता ती सरकारची हायेत." पुढं तिनं गोफण चुलीवरच्या फळीवर ठेवून दिली.

"आले," डॉक्टर कुजबुजले.

धुक्यातून आधी आवाज आला, घशात पाणी घोळवल्यासारखा. मग उथळ पाण्यातली करडी रांग हलली. दोन करकोचे लांब ढांगा टाकत चिखलातून वर आले, मान उंच करून चौफेर बघून घेतलं, आणि त्यांच्या मागोमाग सगळा थवा निघाला. पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या गाळात चंद्राबाईनं हरभरा पेरला होता. ना नांगर, ना पाऊस, नुसत्या ओलीवर आलेलं ते पीक. घाटे भरत आले होते. करकोचे थेट त्यात शिरले.

डॉक्टरांनी दुर्बीण डोळ्यांना लावली ती खाली घेतलीच नाही. "वा," ते मधूनच म्हणत. "वा, वा. पंत, कानाजवळची ती पांढरी पिसं पाहिलीत का हो? सासरी निघालेल्या मुलीसारखी मान घालतात."

"होय साहेब," पंत म्हणाले. त्यांना पिसं दिसत नव्हती, फक्त पाहुण्यांची पाठ दिसत होती, आणि ती खूश दिसत होती.

थोड्या वेळानं डॉक्टरांनी मागं न वळताच विचारलं, "बाई, हे किती वेळ थांबतात इथं?"

"कुनी उटवलं न्हाई तर प्वाट भरंस्तवर, साहेब."

"मग उठवू नका बुवा. मी डोळ्यांचा डॉक्टर, आणि माझेच डोळे चाललेत. काचबिंदू आहे. पुढच्या हिवाळ्यात एवढं दिसेल असं काही वाटत नाही. आज पोटभर बघून घेऊ द्या." हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, पेशंटला सांगावं तसं. पंतांनी च् च् केलं. ठकुबाईला त्या माणसाची दया आली. तिनं मान हलवली आणि पुन्हा फटीला डोळा लावला.

फटीतून तिला करकोचे दिसत होते, पण ती बघत होती माळा.

त्या भागात एक रीत होती. राखणीच्या दिवसांत सगळे माळे उजाडायच्या आत भरलेले असत. एखादा माळा मोकळा दिसला, तर ज्याच्या नजरेला तो पडेल त्यानं आधी त्या मोकळ्या माळ्याची हाळी द्यायची, मग आपली. धनी घरातून ऐके आणि "पावलीऽऽ", म्हणजे हाळी पोचली, असा जबाब देई. जबाब आला की काही नाही, कोणाचं लेकरू रडत असेल, कोणाची म्हैस अडली असेल. जबाब आला नाही, तर हाळी देणाऱ्यानं हातातलं काम टाकून त्या घरी जायचं. दिलेली हाळी नाकारायची नाही, हेही त्यातच आलं. रीत वैऱ्यालाही चुकत नसे. बांधावरून डोकी फोडून घेतलेले भाऊ सकाळी एकमेकांच्या माळ्याची हाळी देत आणि दुपारी पुन्हा भांडत.

ठकुबाई आणि चंद्राबाई मात्र भांडतही नव्हत्या. त्यांचं बोलणंच बंद होतं, गाव उठलं तेव्हापासून. खालचं घर सोडताना सगळी वाटणी समजुतीनं झाली होती. भांडी झाली, बैल झाले, देवसुद्धा झाले. अडलं ते जात्यावर. सासूचं जातं, दोघींनाही हवं. शब्दाला शब्द वाढला आणि थोरलीनं खालची तळी गाडीत टाकली. "घिऊन जा तुजी वरची तळी," ती म्हणाली होती, "बगू कशावर फिरिवतीस!" ठकुबाईनंही वरची तळी उचलली. तेव्हापासून एका घरात खालचा दगड आणि दुसऱ्या घरात वरचा, आणि दोघी जणी दळण घेऊन तिसऱ्याच्या दारात. वाडी हसून हसून दमली, पण यांचं काही हललं नाही. नवरे गेले तेव्हा दोघी एकमेकींच्या दारात येऊन बसल्या, रडल्या, आणि न बोलता उठून गेल्या.

एवढं असूनही ठकुबाईला थोरलीचा दिवस घड्याळासारखा ठाऊक होता. तिचा मुलगा गेनबा परवापासून बहिणीकडे शिवऱ्याला गेलेला, तो आज येणार. म्हणजे घरात ती एकटी. काल संध्याकाळी तिच्या घरातून धूर निघाला होता. आज निघाला नव्हता. थंडीचं तर नावच नको. अंगात ताप असताना घोंगडं पांघरून माळ्यावर बसलेली थोरली तिनं पाहिली होती. आणि काल पंतांना तसं तोडून बोलल्यावर तर ती मेली तरी आज यायची राहिली नसती.

'मेली' हा शब्द ठकुबाईच्या मनात आला आणि ती पंतांकडे वळली.

"पंत," ती म्हणाली, "म्या जरा वाडीवर जाऊन येते."

"आत्ता?" पंतांचे डोळे मोठे झाले. "आडोशातून उठलात तर पाखरं नाही का बघणार? थोडा दम धरा. साहेबांचं होऊ द्या."

"त्यो माळा मोकळा हाय."

"देवानं मोकळा ठेवलाय तो. तुमच्याचसाठी ठेवलाय असं समजा. अहो, आज तुमचा बिल्ला पक्का होतोय."

पंत खोटं बोलत नव्हते. ठकुबाई बसून राहिली. ऊन गाळावर आलं. करकोचे आता पार पिकाच्या मधोमध शिरले होते, चोची खालीवर होत होत्या, आणि हरभऱ्याची हिरवी पट्टी तिच्या डोळ्यांदेखत खरवडली जात होती. दोन करकोचे चरायचे थांबले, समोरासमोर उभे राहून त्यांनी पंख पसरले आणि उड्या मारायला लागले. डॉक्टरांच्या तोंडून लहान मुलासारखा आवाज निघाला. पंतांनी हात जोडून आकाशाकडे पाहिलं.

अजून थोडं, ठकुबाई मनाशी म्हणाली. पाखरांचं पोट भरलं की ती आपोआप पाण्यावर जातील, साहेब उठतील, मग जाऊ. काय व्हायचं ते एव्हाना होऊन गेलं असेल, नाहीतर काहीच झालं नसेल. थोरली घरात चहा पीत असेल आणि मी आपली उगीच. पण थोरली चहा पीत नव्हती. तिला चहाचा वास सहन व्हायचा नाही.

तिनं पट्टा खांद्यावर नीट केला आणि उभी राहिली.

"ठकुबाई!" पंतांनी तिचा पदर धरायला हात पुढं केला, पण ती आडोशाबाहेर गेलेली होती. चुन्याच्या दगडावर पाय देऊन तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले. गाव उठल्यापासून आवाज वापरला नव्हता. तो निघेल की नाही याची तिलाच खात्री नव्हती.

"थोरलेऽऽ! तुजा माळा मोकळाऽऽ! हाऽऽ होऽऽ!"

आवाज निघाला. पाण्यावरून गेला, पलीकडच्या डोंगराला लागून परत आला. करकोच्यांच्या सगळ्या माना एकदम वर झाल्या, आणि पुढच्या क्षणी थवाच्या थवा उठला. ऊन झाकलं गेलं. बदकं उठली, चक्रवाक उठले, बुडीताचं सगळं पाणी फडफडलं. पाखरं डोक्यावरून एक घिरटी घालून ओरडत ओरडत खालच्या अंगाला, धरणाच्या भिंतीकडे निघून गेली. मग सगळं शांत झालं.

ठकुबाई टेकाडाकडे कान देऊन उभी होती. "पावली" म्हणून थोरली ओरडेल, शिवी देईल, काहीतरी म्हणेल. वाडीवर एक कुत्रं भुंकलं, तेवढंच.

आडोशातून डॉक्टर बाहेर आले. दुर्बीण छातीवर लोंबत होती. ते अजून वरच बघत होते, पाखरं दिसेनाशी झाली होती तरी. "काय झालं? कोण ओरडलं?" त्यांनी विचारलं.

पंत पुढं झाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण माणूस मुळात चांगला. "वाडीवरचं कोणीतरी असेल साहेब. या लोकांना काही पोच नसतो," ते घाईनं म्हणाले. "आमच्या शिपाईनबाई त्यालाच गप्प करायला धावल्या." आणि त्यांनी ठकुबाईकडे डोळे वटारले, की बाई, आता तोंड मिटून राहा.

तोंड मिटून राहिली असती तर सगळं निभावलं असतं. साहेबांनी तिचं कौतुकसुद्धा केलं असतं. पण दिलेली हाळी नाकारायची नसते.

"कुनी न्हाई साहेब," ती म्हणाली. "हाळी म्याच दिली."

"का?"

"माळा मोकळा हुता. माजी जाऊ हाय ती. जबाब न्हाई आला. मला आता गेलंच पायजे." एवढं बोलून ती चढणीला लागलीसुद्धा. मग थांबली, वळली आणि डॉक्टरांना म्हणाली, "तुमचं बगायचं ऱ्हायलं, साहेब. माफी करा."

डॉक्टर स्टूल तिथंच टाकून तिच्या मागं चढायला लागले. पंतही निघाले, दुसरं काय करणार?

चंद्राबाई दारातच सापडली. अर्धी उंबऱ्याच्या आत, अर्धी बाहेर. डोक्याला घोंगड्याची खोळ, हातात गोफण, ओच्यात गोफणीचे खडे. पहाटे माळ्यावर निघाली असणार आणि पहिल्याच पावलाला कोसळली असणार. डोळे उघडे होते. ठकुबाई तिच्यापाशी खाली बसली आणि "थोरले, अगं थोरले" एवढंच पुनःपुन्हा म्हणत राहिली.

डॉक्टरांनी नाडी बघितली, पापणी वर केली, तळव्याला काटकी ओढून बघितली. "अर्धांगाचा झटका आहे. उजवी बाजू गेली, वाचाही गेली," ते म्हणाले. "पण ऐकू येतंय, समजतंय. तुम्ही हाक मारलीत तेव्हाही समजलं असेल." मग त्यांनी आणि पंतांनी मिळून तिला उचलून आत नेलं. पंतांनी उभ्या आयुष्यात कुणब्याच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी ते पायाच्या बाजूला धरून चुलीपर्यंत गेले आणि नंतरही त्याचा बाऊ केला नाही. डॉक्टरांनी कसं निजवायचं, काय भरवायचं ते सांगितलं. औषध असं काही नव्हतं. जाताना ते ठकुबाईला म्हणाले, "उठले तेव्हा फार सुंदर दिसले हो. पण मला बसलेले बघायचे होते." त्यात राग नव्हता, आणि समजूतही नव्हती. खरं होतं ते त्यांनी सांगितलं.

पट्टा न्यायला पंत स्वतःच आले, आठवड्याच्या बाजारादिवशी. दरबारात पाहुण्यांना विचारलं होतं, त्यांनी विचारलं तेवढंच सांगितलं होतं. तक्रार केली नव्हती, वाखाणणीही केली नव्हती. राखणदारानंच राखलेली पाखरं उडवली म्हटल्यावर पंतांकडे बोलायला काही उरलं नव्हतं. "मी खुणावलं होतं, तोंड मिटून राहा म्हणून," ते म्हणाले.

"व्हय, खुनावलं हुतं," ठकुबाई म्हणाली. तिनं पट्टा काढून तेल लावून ठेवला होता, बिल्ला घासून लखलखीत केला होता. भिमा जिवंत असताना तो एवढा कधी चमकला नव्हता. पंतांनी तो पिशवीत घातला आणि पाणी न पिताच निघाले. ती दारात उभी राहून पिशवी दिसेनाशी होईपर्यंत बघत होती. मग घरात येऊन बसली आणि रडली. चांगली घटकाभर रडली, आणि उठून थोरलीच्या पेजेचं बघायला गेली.

कारण ती आता तिथंच असायची. गेनबा बाप्यामाणूस, आईचं करणार किती? पहिल्या दिवशी नाचणी दळायची वेळ आली, तेव्हा थोरलीच्या घरात खालची तळी कोपऱ्यात सापडली, तिच्यावर पाण्याचा माठ ठेवलेला. ठकुबाईनं घरी जाऊन वरची तळी आणली. डोक्यावरून आणली, भर दुपारी, सगळ्या वाडीदेखत. एवढ्या वर्षांत दोन्ही दगडांची तोंडं एकमेकांना विसरली होती, पहिला घास सगळा भरड निघाला. थोरली अंथरुणातून बघत होती. तिच्या ओठाचा डावा कोपरा हलला. हसली की काय केलं, ते ठकुबाईला शेवटपर्यंत कळलं नाही.

"काकी," पट्टा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी गेनबा म्हणाला, "आईच्या माळ्यावर कोन जानार? मला हितनं हालता येईना."

"कोन म्हंजे? म्या हाय की."

फळीवरची गोफण तिनं खाली काढली. आता ती स्वतः सरकारची नव्हती, त्यामुळं पाखरंही सरकारची उरली नव्हती. उजाडायच्या आत ती माळ्यावर चढली. खाली काठावर चिमाजी पट्टा घालून हिंडत होता. त्यानं तिला रामराम केला, तिनंही केला. करकोचे पाण्यातून निघाले तसा तिनं आवाज टाकला. "थोरलेऽऽ! तुजा माळा राखलाऽऽ! हाऽऽ होऽऽ!" भरलेल्या माळ्यावरून अशी हाळी द्यायची रीत नव्हती. तरी तिनं दिली.

आणि वाडीवरून जबाब आला. 'पावली' नव्हे. डबा वाजला, ठण् ठण् ठण्. घासलेटचा रिकामा पत्र्याचा डबा. गेनबानं मागून सांगितलं, की हाळी ऐकली तशी आई तोंड वेडंवाकडं करून धडपडायला लागली, आवाज काही निघेना, आणि डाव्या हातानं तिनं उशाशी पडलेला डबा बडवायला घेतला. पंतांबरोबरच्या त्या सकाळीही दारात पडल्यापडल्या ती अशीच 'पावली' म्हणायला धडपडली असेल, हे ठकुबाईला माळ्यावर बसल्याबसल्या समजलं. जबाब आला नव्हता, पण दिलेला होता.

तिथून पुढं रोज तसंच चाललं. तिनं हाळी द्यायची, वर डबा वाजायचा. मग ती दिवसभर पाखरं हाकायची आणि संध्याकाळी थोरलीजवळ बसून बोलायची. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. बोलणारी एकटी ठकुबाईच, पण भांडणाचा विषय निघाला की थोरली डोळे मिटून घ्यायची, तेव्हा भांडणही थोडंफार होत होतं. हरभरा पिवळा पडत चालला. घाटे वाळले. करकोचे रोज थोडे कमी दिसायला लागले. शिमगा जवळ आला की त्यांना परतीचे वेध लागतात.

एका सकाळी धुकं मुळीच नव्हतं. ठकुबाई माळ्यावर चढली, घोंगडं खाली ठेवलं. उरलेसुरले करकोचे पाण्यातून बाहेर आले, माना उंच करून त्यांनी बघून घेतलं आणि हरभऱ्याकडे निघाले. तिनं हात तोंडाशी नेले.

"थोरलेऽऽ! तुजा माळा राखलाऽऽ!"

करकोचे थोडे उडाले आणि पुढच्या बांधावर जाऊन बसले. ती टेकाडाकडे तोंड करून थांबली. कोंबडा आरवला. कोणाच्या तरी घरातून जात्याची घरघर ऐकू आली. एकाच माळ्याची हाळी दोनदा द्यायची नसते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं दुसऱ्यांदा हाळी दिली.

डबा वाजला नाही.

ठकुबाई सावकाश माळ्यावरून उतरली. गोफण तिनं वरच, फळीवर ठेवली. ती बांधानं वाडीकडे चालायला लागली तसे मागं करकोचे एकेक करून हरभऱ्यात उतरले, आणि त्या दिवशी त्यांना कोणी उठवलं नाही.